सुटकेनंतरची दया

संकटात सापडलेल्या जिवाची सुटका करणे हे पुण्यकर्म होय, याविषयी आमच्या कथापुराणांत काय किंवा आजच्या वर्तमानपत्रांत काय, कोठेही दुमत आढळत नाही. रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणारे एकनाथमहाराज आम्हां महाराष्ट्रीयांस लहानपणापासून वंदनीय वाटत आले आहेत. पण ही कथा ऐकताना त्या गाढवाचे पुढे काय झाले, हा प्रश्न आम्ही कधी कोणास विचारला नाही. ते पाणी पिऊन उठले, एवढ्यावर आमचे समाधान झाले. कथेस तेवढे पुरे असते. व्यवहारास मात्र पुरत नाही. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने केवळ हौसेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविल्या, तेव्हा अनेक प्राणिमित्रांप्रमाणे आम्हांसही आनंद झाला. परंतु साज उतरलेला घोडा दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे उभा राहील आणि कोणाच्या शेजारी चरेल, हा विचार त्या आनंदात आमच्या मनास शिवला नव्हता. जीव वाचला म्हणजे दयेचे काम संपते, की तेथून ते खऱ्या अर्थाने सुरू होते? गेल्या वर्षी एका घोडीने हा प्रश्न आमच्यापुढे अशा रीतीने उभा केला की, त्याचे उत्तर शोधताना आम्हांस आमच्याच दयाळूपणाची झडती घ्यावी लागली. ती हकीकत आणि तीवरून सुचलेले विचार येथे मांडण्याचा मानस आहे.

आमचे एक स्नेही पशुवैद्यकीचा व्यवसाय करून निवृत्त झाले आणि पुण्याजवळच्या एका खेड्यात थोडी जमीन घेऊन राहिले. त्यांच्यापाशी चार घोडी आहेत : एक म्हातारी घोडी, दोन खच्ची केलेले घोडे आणि एक तरुण घोडी. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी या चौघांत पाचवीची भर पडली. कुमैत रंगाची ही घोडी काही वर्षे लग्नाच्या वरातींतून नवरदेव मिरवीत होती. पुढे पाय अधू झाल्यावर ती वीटभट्टीवर गेली, आणि तेथेही निरुपयोगी ठरल्यावर रस्त्याच्या कडेस सोडून दिली गेली. घोड्याच्या अंगावरील मांस व चरबी १ ते ९ अशा अंकांनी मोजण्याची हेनेकी यांची पद्धत १९८३ साली प्रसिद्ध झाली. त्या मापाने ही घोडी दोनाच्या वर जात नव्हती. फासळ्या मोजता येत होत्या आणि कण्याचे मणके दोरीच्या गाठींसारखे वर आले होते.

आम्ही तिला प्रथम पाहिले तेव्हा साहजिकच मनात आले की, हिला पोटभर चंदी चारावी. स्नेह्यांनी हात धरून आम्हांस थांबविले. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरात फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम इत्यादी क्षारांचा साठा आटलेला असतो. अशा जनावरास एकदम हरभरा किंवा धान्य चारले की, त्यातील पिष्टामुळे रक्तात इन्सुलिन वाढते, उरलेसुरले क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात, आणि हृदय व श्वसन यांचे कार्य बिघडून काही दिवसांतच जनावर दगावू शकते. म्हणून आरंभी दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो लसूणघास, रात्रीसुद्धा घड्याळ लावून, एवढाच तिचा आहार होता. भरल्या पाटीकडे मान लांबवून पाहणाऱ्या उपाशी जिवास मूठभर घास देऊन पाठ फिरवावयाची, हे काम किती कठीण असते, ते आम्ही तेथे पाहिले. अन्नदानाइतके निर्विवाद पुण्य दुसरे नाही असे मानणाऱ्या आमच्या मनास हा पहिला धक्का होता. जी दया घेणाऱ्याच्या पचनशक्तीचा विचार करीत नाही, ती प्राण घेऊ शकते.

दुसरी गोष्ट आम्हांस याहूनही निष्ठुर वाटली. घोडीला इतरांपासून दूर, वेगळ्या आवारात ठेवले होते. स्ट्रँगल्स नावाचा घशाच्या गाठींचा रोग आणि ग्लँडर्स हा माणसासही होऊ शकणारा भयंकर रोग, यांची बाधा नाही अशी खात्री होईपर्यंत कळपाशी तिचा संबंध येऊ देणे धोक्याचे होते. तीन आठवडे गेले, रक्ताच्या तपासण्या निर्दोष आल्या, तरीही स्नेह्यांनी मधले फाटक उघडले नाही. फक्त तिला कळपाच्या शेजारच्या आवारात आणले. आता कुंपणावरून एकमेकांस पाहता येई, वाऱ्याबरोबर वास घेता येई, पण मधे लाकडी दांड्यांची दुहेरी आडकाठी होती. सकाळी कळप चरत दूर गेला की ती कुंपणाशी उभी राहून खिंकाळे. तिच्या त्या हाकेस क्वचितच उत्तर मिळे.

दिवाळीच्या सुटीत आम्ही तेथे चार दिवस राहावयास गेलो होतो. तिसऱ्या दिवशी स्नेही कामानिमित्त शहरात गेले. सकाळपासून घोडीची हाक आमच्या कानांवर पडत होती. घोडा हा कळपाने राहणारा प्राणी, एकांतवास ही त्यास शिक्षा, हे आम्ही पुस्तकांत वाचले होते. मग या निरपराध जिवास ही शिक्षा कशासाठी? म्हातारा मोतद्दार म्हणाला, “साहेब, मालकांना येऊ द्या. घाई बरी नव्हे.” पण तीस वर्षे वर्गात शेवटचा शब्द आमचाच चालत आल्याने मोतद्दाराचा शब्द शेवटचा मानण्याची सवय आम्हांस उरलेली नव्हती. आम्ही फाटक उघडले.

पुढे जे घडले त्यास दोनतीन मिनिटांहून अधिक वेळ लागला नसेल. घोडी आनंदाने आत धावली. चौघांनी माना वर केल्या. तरुण घोडी कान मागे चिकटवून पुढे आली, एक घोडा तिच्या मागोमाग निघाला. नवखीस कोठे पळावे हे ठाऊक नव्हते. ती कुंपणाच्या कोपऱ्यात शिरली आणि तेथेच अडकली. कोपऱ्यात सापडलेल्यास माघार घेता येत नाही आणि समोरच्यास त्याची माघार दिसत नाही. एक चावा पुठ्ठ्यावर बसला, एक लाथ फासळीवर. सुटण्याच्या धडपडीत तिच्या मागच्या पायाची कातडी कुंपणावर घासून वीतभर सोलली गेली. मोतद्दाराने काठी आपटून, ओरडून वाट मोकळी केली, म्हणून प्रकरण तेवढ्यावर निभावले.

स्नेही संध्याकाळी परतले. त्यांनी जखम धुतली, टाके घातले, आणि आम्हांस एकच प्रश्न विचारला : “प्रोफेसरसाहेब, फाटक आपण तिच्यासाठी उघडलेत की स्वतःसाठी?”

आम्ही त्या वेळी काही उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हतेच. तिचे एकटेपण तिला किती असह्य होत होते हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्हांस ते असह्य होत होते, एवढेच खरे. दुसऱ्याच्या दुःखाने आपल्या मनास जी टोचणी लागते, ती थांबविण्याची घाई आणि दुसऱ्याचे दुःख दूर करण्याची इच्छा, या दोन भिन्न वस्तू आहेत. बहुधा त्या एकमेकींबरोबर असतात, म्हणून त्यांतील भेद आमच्या लक्षात येत नाही. जेव्हा त्यांची फारकत होते तेव्हा कोणती आमच्या हातास चालविते, यावर आमच्या दयेची परीक्षा होते. आम्ही त्या परीक्षेत उतरलो नाही, आणि त्याचे मोल घोडीने दिले. जखम महिन्याभरात भरून आली. पण कितीतरी दिवस ती कुंपणाजवळ फिरकेना, आणि स्नेह्यांना सर्वांत चिंता वाटली ती निराळ्याच गोष्टीची. सकाळी तिच्या अंगाला माती किंवा कडब्याची काडी चिकटलेली दिसेनाशी झाली. याचा अर्थ, ती रात्री आडवी होत नव्हती.

घोडा उभ्या उभ्या डुलकी घेऊ शकतो. त्याच्या पायांतील सांधे व स्नायुबंध यांची रचनाच तशी आहे. परंतु गाढ, स्वप्नांची झोप त्यास अंग टाकल्यावाचून मिळत नाही. ही झोप दिवसाकाठी अर्धा ते एक तासच लागते, पण तेवढी लागतेच. आणि पळून जीव वाचविणाऱ्या प्राण्याने आडवे होणे म्हणजे स्वतःस परक्याच्या हवाली करणे होय. म्हणून कळपात काहीजण निजतात तेव्हा दुसरा कोणी उभा राहून पहारा करतो. ज्याच्यासाठी कोणी जागत नाही, तो निर्धास्त निजू शकत नाही. आमच्या स्नेह्यांनी तिला चारा दिला, औषध दिले, निवारा दिला. पण ही झोप देणे त्यांच्या हाती नव्हते. ती कळपाकडूनच यावयाची होती.

मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. चौघांतून म्हाताऱ्या घोडीस, जी कोणावर दात उगारीत नसे, तिच्या शेजारी आणून ठेविले. दहाबारा दिवस दोघी कुंपणाच्या दोन बाजूंस चरल्या. नंतर दोघींस एका मोठ्या रानात सोडले. त्या दोघींची जोडी जमल्यावर तिसरा, मग चौथा, आणि सर्वांत शेवटी ती तरुण घोडी. कुंपणाच्या कोपऱ्यांत आडवे बांबू बांधून कोपरे मोडले. मागच्या पायांचे नाल काढले. पाच घोड्यांसाठी चाऱ्याचे सात ढीग दूरदूर टाकले, म्हणजे एकीस हुसकावले तरी तिला जाण्यास दुसरी जागा असावी. नवा भिडू नेहमी दिवसाउजेडी सोडला, आणि सोडल्यावर माणसे कुंपणाबाहेर थांबली. एखादा चावा, एखादी किंकाळी झाली तरी कोणी आत धावले नाही. या सर्वास सहा आठवडे लागले.

येथे विचारी वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो योग्य आहे. कळपाची ही वागणूक म्हणजे ‘बळी तो कान पिळी’ याहून निराळे काय आहे? दुबळ्या नवागतास चावणाऱ्यांची मर्जी सांभाळीत बसण्यापेक्षा त्यांनाच बांधून का ठेवू नये? आमचाही प्रथम हाच ग्रह होता. परंतु कळप जवळून पाहिल्यावर दिसते की, चावा आणि लाथ हे या भाषेतील शेवटचे शब्द आहेत. त्याआधी कान मागे जातात, मान लांबते, शेपटी झटकली जाते. आणि ज्यास हे समजते व ज्यास मागे सरण्यास जागा असते, त्याच्यावर शेवटच्या शब्दाचा प्रसंग सहसा येत नाही. एकदा कोणी कोणास वाट द्यावयाची हे ठरले की भांडण मिटते, आणि दुर्बळासही आपल्या चाऱ्याजवळ स्वस्थ उभे राहता येते. पुष्कळदा नवागतावर ओढवणारा अनर्थ केवळ कळपाच्या दुष्टपणातून येत नाही. अपुऱ्या जागेतून, अपुऱ्या चाऱ्यातून आणि माणसाच्या घाईतून तो येतो. आमच्या प्रकरणात कोपरा कुंपण घालणाऱ्याने केला होता आणि फाटक आम्ही उघडले होते.

हाच धडा फार मोठ्या प्रमाणावर मंगोलियात गिरविला गेला आहे. तेथील ‘तखी’ नावाचा रानघोडा १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रानातून नाहीसा झाला. युरोपातील व अन्यत्रच्या प्राणिसंग्रहालयांत जी थोडी जनावरे होती त्यांच्यापासून वंश टिकविण्यात आला. १९९२ साली त्यांपैकी १६ घोडे विमानाने मंगोलियात नेऊन हुस्ताई येथे उतरविले. पिंजऱ्यांत जन्मलेल्या त्या जनावरांस त्यांच्या पूर्वजांचे गवताळ रान समोर दिसत होते. तरीही त्यांस एकदम मोकळे सोडले नाही. विस्तीर्ण कुंपणांच्या आत त्यांची हवेशी, गवताशी आणि परस्परांशी ओळख होऊ दिली, आणि पहिल्या घोड्यांस १९९४ साली रान खुले केले. सन २००० पर्यंत अशा रीतीने ८४ घोडे तेथे आणले गेले, आणि आज त्यांची संतती शेकड्यांनी मोजली जाते. एक सबंध जात वाचविण्याची निकड ज्यांस होती, त्यांनी दोन वर्षे थांबण्याचा धीर दाखविला. आम्हांस एका सकाळचाही धीर निघाला नव्हता.

घोड्यांविषयीचा हा विचार आमच्या घरांतही लागू पडतो. आमच्या आजोबांच्या पिढीत अनेक गरीब मुले वार लावून जेवत आणि विद्या संपादन करीत. आजोबा स्वतः त्यांपैकी एक होते. ते सांगत की, सातही घरी पान वाढलेले असे, उपाशी असे कोणी ठेवले नाही. परंतु सातांपैकी एकाच घरी त्यांना पोटभर जेववे. इतर घरी यजमान प्रेमाने विचारीत, “बाळ, पोट भरले ना?” आणि पाहुण्यांपुढे त्यांच्या दारिद्र्याची व हुशारीची कथा सांगत. त्या एका घरी त्यांना कोणी काही विचारीत नसे. घरातील मुलांच्या पंगतीत पाट मांडलेला असे. भांडण झाल्यास मुले त्यांच्याशीही भांडत, आणि त्या घरची माउली मधे पडत नसे. “त्या घरी मी पाहुणा नव्हतो,” एवढेच ते म्हणत. नव्या सुनेस पहिल्याच दिवशी “हे घर तुझेच” असे सांगणारी सासू खोटे बोलत नसते. पण ते घर तिचे होण्यास कपाटातील एक खण, स्वयंपाकघरातील एक जागा आणि कोणी टक लावून पाहत नाही असे काही महिने लागतात. घर कोणाचे आहे, हे घोषणेने ठरत नाही.

तथापि माणसांच्या बाबतीत एक भेद विसरून चालणार नाही. कान मागे घेणारी घोडी आपण काय करीत आहो हे जाणत नाही. तिच्यावर कर्तव्य लादता येत नाही. माणसांचा कळप मात्र जाणता आहे. अनाथ भाचा, घर सोडून आलेली सून, गाव उठल्यामुळे आमच्या गावी आलेले कुटुंब, यांस कळपाच्या रीतीने चावणे खावे लागेल असे म्हणून आम्ही हात झटकू लागलो, तर तो आमचा अधर्म होईल. घोड्यांच्या कळपात आम्ही कुंपणाबाहेरचे असतो. माणसांच्या कळपात आम्ही आतलेच असतो. तेथे म्हाताऱ्या घोडीचे काम आम्हांस करावयाचे असते : शेजारी चरावयाचे, आणि दात उगारावयाचे नाहीत.

पतंजलींनी चित्ताच्या प्रसन्नतेसाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना सांगितल्या आहेत, आणि बौद्धांनी यांनाच ब्रह्मविहार म्हटले आहे. यांपैकी पहिल्या तीन आमच्या नीतिपाठांत मानाने मिरवतात. चौथीचे नाव काढले की आम्ही दचकतो. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. पतंजलींनी ती पापी माणसाविषयी सांगितली; परंतु बौद्ध परंपरेत तिचा अर्थ याहून विशाल आहे. ख्रिस्तोत्तर पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी या चारी भावना चार मुलांच्या आईच्या दृष्टांताने समजाविल्या आहेत. तान्ह्यावर तिची मैत्री असते, आजाऱ्यावर करुणा, ऐन तारुण्यात आलेल्याविषयी मुदिता; आणि जो मुलगा आपल्या उद्योगात नीट गुंतला आहे, त्याच्याविषयी उपेक्षा. त्या आईचे त्या मुलावर प्रेम नाही असे कोण म्हणेल? ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. जवळ उभे राहून पाहावे आणि हात आवरावा, असा अर्थ त्या शब्दात आम्हांस आता दिसतो. हेळसांड करणारा पाहत नाही. लुडबूड करणारा हात आवरीत नाही. दोघांच्या मधून जाणारी ही वाट आहे. मात्र कोपरे मोडल्यावर, नाल काढल्यावर आणि चाऱ्याचे दोन ढीग जास्त टाकल्यावरच तीवर पाऊल टाकण्याचा अधिकार येतो. त्याआधी बाजूस सरणे ही केवळ हेळसांड होय.

या उपेक्षेत दात्याचा एक लहानसा त्यागही आहे. सुटका करणाऱ्यास कृतज्ञतेची आशा असते. ज्यास वाचविले त्याने आपल्याकडे पाहावे, आपला हात ओळखावा, असे त्यास वाटते. पण वाचलेला जीव आपल्या कळपात रमला की त्यास आमची गरज उरत नाही. करुणेचे फळ असे की, शेवटी ती नकोशी व्हावी. हे ज्यास गोड मानता येत नाही, तो वाचविलेल्यास जन्मभर वाचविलेलाच ठेवू पाहतो.

शिमग्याच्या सुमारास आम्ही पुन्हा तेथे गेलो. दुपारची वेळ होती. रानात बाभळीच्या सावलीखाली आमची कुमैत घोडी आणि म्हातारी घोडी समोरासमोर उभ्या राहून, जेथे आयाळ संपते तेथे, एकमेकींचे अंग दातांनी खाजवीत होत्या. फ्रान्समधील कामार्ग प्रदेशातील घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला आहे. त्याच जागी खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यात दिसून आले. थोड्या वेळाने आमच्या घोडीने पुढचे गुडघे मोडले, अंग जमिनीवर टाकले आणि मान लांब करून ती निजली. तिचे ओठ मधून मधून हलत होते. चारपाच हातांवर एक घोडी उभी होती. कान उभे, तोंड वाऱ्याकडे. पाहतो तो ती तीच तरुण घोडी, जिने दिवाळीत तिला कोपऱ्यात गाठले होते.

आम्ही आणलेल्या गुळाचा खडा खिशातच होता. मोतद्दाराने आमच्याकडे पाहिले, पण तो काही बोलला नाही. आम्ही फाटकास हात न लावता माघारी वळलो.